गुणीला काढायचं कसं

डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा ताईंच्या एका हातात कुणाचा तरी खालचा जबडा होता आणि दुसऱ्या हातात चहा. चहा त्यांनी खाली ठेवला. जबडा ठेवायचं सुचलं नाही.

"अहो ताई, तुमची कवळी लावून माझे एक पेशंट काल जेवायला बसले आणि उपाशी उठले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उजवीकडून चावलं की डावीकडून उचलली जाते. दिसायला काय सुंदर आहे हो! पण माणसाने नुसतं हसत बसायचं का? आणखी एक अशी आली ना, तर मी काम दुसरीकडे देणार. राग मानू नका."

राग कुठला मानतात? ताईंच्या कवळ्यांच्या कारखान्याचं निम्मं काम या एकाच बाईंकडून यायचं. कारखाना आपला म्हणायचा; चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत प्लास्टर, वाफ आणि आक्का. आतल्या खोलीत उजेड, मेण, दातांच्या पेट्या आणि गुणी. ताई दोन्हीकडे.

ही कवळी कुणाच्या हातची, हे विचारायची गरजच नव्हती. दात मांडायचं काम गुणीचं. दवाखान्यातून माप येतं, त्यावरून आक्का साचा करतात, तो साचा बिजागरीच्या पितळी जबड्यात बसतो, आणि मग मेणाच्या पट्टीवर एकेक दात रोवत जायचं. असा, की तोंड मिटलं की वरच्या आणि खालच्या दाढा दोन्ही बाजूंनी एकदम टेकल्या पाहिजेत. गुणीचे पुढचे दात बघावेत, नटीने हेवा करावा असे. मागच्या दाढांनी मात्र एकमेकींशी अबोला धरलेला. एका बाजूच्या टेकायच्या, दुसऱ्या बाजूच्या अधांतरी.

माणूस म्हणाल तर लाखात एक. वेळेवर यायचा, उलट बोलायचा नाही, आक्कांची पाठ धरली की प्लास्टरची पोती न सांगता उचलायचा. गुणी हे नाव ताईंनीच पाडलेलं, आणि ते इतकं चिकटलं होतं की दवाखान्यांतही त्याला दुसरं नाव कुणी विचारत नसे.

आता इतकी वर्षं हे खपलं कसं, असं कुणीही विचारील. खपलं, कारण ताईंनी खपवलं. रोज दुपारी गुणी पिशवी घेऊन दवाखान्यांत तयार माल पोचवायला निघायचा. त्याची पावलं जिन्यावरून उतरली की ताई आतल्या खोलीत जायच्या, त्याने मांडलेल्या दातांमध्ये निळा कागद धरायच्या, पितळी जबडा मिटायच्या. जिथे दात टेकतात तिथे निळा डाग उमटतो. डाग एकाच बाजूला दिसले की गरम सुरी घेऊन दाढा सारख्या करायच्या. गुणी परत येईपर्यंत आक्कांनी ते मेण काढून त्या जागी गुलाबी मसाला भरून पक्कं करून टाकलेलं असे. गुणीला वाटायचं, आपलंच काम. ताई वर म्हणायच्या, "छान झालंय हो!" त्याचा चेहरा खुलायचा, आणि तो खुललेला बघून ताईंनाही बरं वाटायचं.

पण या वर्षी ताईंची आई अंथरुणाला खिळली. ताईंच्या दुपारी आईकडे जाऊ लागल्या, आणि गुणीचं काम आहे तसं लोकांच्या तोंडात जाऊ लागलं.

"काढून टाक," संध्याकाळी नवरा म्हणाला. कारखान्याचे हिशेब तो बघायचा. "उद्या सकाळी. सांग, येऊ नकोस. एवढं काय त्यात?"

"अहो, असं कसं सांगू?"

"तोंडाने."

ताईंना रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी उठून त्या मामेबहिणीच्या ऑफिसात गेल्या. मामेबहीण वकील होती, नोकरीची भांडणं लढायची, आणि नात्यातल्या माणसाशीही साक्षीदाराशी बोलावं तशी बोलायची.

"चुकतोय हे त्याला किती वेळा सांगितलंस?"

"तसं थेट नाही गं."

"आडून?"

"आडूनही नाही."

"मग गेल्या वर्षी काय सांगितलंस?"

"पगार वाढवला."

"का?"

"त्याला वाईट वाटू नये म्हणून."

मामेबहिणीने कपाळाला हात लावला. मग चष्मा काढून तिने डोळे चोळले.

"हे बघ. उद्या तू त्याला हाकललंस आणि तो कोर्टात गेला, तर तिथे मी काय सांगू? काम वाईट होतं म्हणून पगार वाढवला? त्याच्याकडे तुझं कौतुक आहे, तुझ्याकडे त्याच्याविरुद्ध काहीच नाही. आणि कोर्टाचं सोड. ज्या माणसाला आपण नापास झालोय हे कुणी सांगितलंच नाही, त्याला शाळेतून काढायचं?"

"मग आता?"

"आता पहिल्यापासून सुरुवात कर. त्याला सांग, कुठे चुकतंय. लिहूनही दे. काय जमायला हवं ते सांग, वेळ दे, शेजारी बसून शिकव. एवढं करूनही नाही जमलं, तर त्याला बोलावून त्याचं म्हणणं ऐक. सोबत कुणाला आणायचं असेल तर आणू दे. आणि ऐकणं म्हणजे नुसती मान हलवणं नव्हे बरं का! तो जे म्हणेल त्याला खरं उत्तर द्यायचं. मग ठरव."

ताई घरी आल्या त्या मनाशी वाक्यं जुळवत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुणीला समोर बसवलं. त्या म्हणाल्या की तू फार मेहनती आहेस. तू मांडलेल्या पुढच्या दातांना तोड नाही. मागे कधीकधी, म्हणजे सगळ्यांचंच होतं, माझंही व्हायचं, जरा एकीकडे कमी-जास्त होतं, तर तेवढं आपण बघू या का? गुणी ऐकत होता. मग हसून म्हणाला, "ताई, तुम्ही एवढं कौतुक करता, लाज वाटते हो." आणि बाहेर जाऊन त्याने आक्कांना सांगितलं की ताई आज आपल्यावर फार खूश आहेत.

आक्कांनी दारातून आत डोकावून पाहिलं. ताईंनी नजर चुकवली.

शेवटी पत्रच द्यावं लागलं. ते मामेबहिणीने शेजारी बसून लिहवून घेतलं. ताईंनी घातलेला प्रत्येक 'जरा' आणि 'थोडंसं' तिने खोडला. राहिलं ते एवढंच: तुम्ही मांडलेल्या दाढा दोन्ही बाजूंनी टेकत नाहीत, त्यामुळे कवळ्या परत येत आहेत. दोन महिन्यांत हे सुधारायला हवं. रोज सकाळी मी शेजारी बसून शिकवीन. सुधारलं नाही तर नोकरी जाऊ शकते.

गुणीने पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"ताई, हे मला आहे?"

"हो."

"पण कधी कुणी बोललं नाही." तो पत्राची घडी घालत होता, उलगडत होता. "आणि तसं असतं तर माझ्या बाबांनी नसतं का सांगितलं? त्यांची कवळी मी केलेली. इथे लागल्यावर पहिली. आजवर दाणे फोडून खातात तिने. त्यांना विचारा हवं तर."

सगळी मेख इथेच होती.

ती कवळी लावल्यानंतर आठवडाभरातच गुणीचे वडील कारखान्यात आले होते, तो पिशवी घेऊन गेल्याची खात्री करून. एका शाळेत शिपाई होते तेव्हा. हिरडीला फोड आलेला, जेवण बंद झालेलं. रुमालात गुंडाळलेली कवळी त्यांनी ताईंपुढे ठेवली आणि म्हणाले, "जरा बघता का? पण पोराला कळू देऊ नका. फार हौसेनं केलीय. हिरमुसेल." ताईंनी ती घासून सारखी करून दिली. शब्दही दिला. आणि दुसऱ्या दिवशी गुणीचं पुढचं काम चुकलेलं दिसलं तेव्हा सुरी आपोआप हातात आली. तिथून सुरू झालं ते सगळं.

त्या दोन महिन्यांत ताईंचं वजन उतरलं. डॉक्टरीणबाईंना त्यांनी गळ घातली की आता प्रत्येक कवळी मी स्वतः तपासून पाठवते, थोडं थांबा. बाई थांबल्या. दुपारी आईकडे त्यांनी धाकट्या बहिणीला पाठवलं. रोज सकाळी त्या गुणीशेजारी बसायच्या, कागद धरायच्या, डाग दाखवायच्या. तो जीव तोडून करायचा. घाम मेणावर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधायचा. एखादा दिवस डाग दोन्ही बाजूंना उमटायचे आणि ताईंना वाटायचं, सुटलो बाई! दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. का ते त्यालाही कळेना आणि त्यांनाही. डोळे चांगले होते, हात चांगला होता. पण दाढांचं टेकणं हे बोटांना आतून कळावं लागतं, आणि त्याला ते कळत नव्हतं. काहींना सूर कळत नाही, तसं.

आणि ताई काय म्हणायच्या? "जवळजवळ झालंय." रोज. "एवढंसंच राहिलं." पत्रात खोडलेले सगळे शब्द त्यांच्या तोंडून परत येत होते.

एका दुपारी तो माल पोचवायला गेला होता आणि त्याने मांडलेली कवळी टेबलावर होती. संध्याकाळी द्यायची होती. ताईंनी कागद धरला. डावीकडे डाग, उजवीकडे कोरं. त्या उठल्या, दार लोटलं, दिवा पेटवला, सुरी ज्योतीवर धरली. दोन दाढा. पाच मिनिटांचं काम. कुणाला कळणार होतं?

"ताई." आक्का दारात उभ्या होत्या. हात प्लास्टरने पांढरे. "ठेवा ती."

"आक्का, आजच्यापुरतं. बाईंकडे द्यायचीय."

"उशीर होईल म्हणून सांगा बाईंना. इतकी वर्षं मी गप्प बसले, माझंही चुकलं. पण आता त्याला पत्र दिलंय तुम्ही. आता हे केलंत तर तो पास झाला का नापास, हे तुम्हाला तरी कसं कळायचं?"

ताईंनी सुरी खाली ठेवली. डॉक्टरीणबाईंना फोन करून त्यांनी उशीर होईल म्हणून सांगितलं आणि चार शब्द ऐकून घेतले.

मुदत संपली. कवळ्या अजूनही ताईंच्या तपासणीतून गुणीच्या टेबलावर परत येतच होत्या. ताईंनी नियमाप्रमाणे त्याला बैठकीचं लेखी कळवलं, सोबत कुणाला आणायचं असेल तर आण म्हणून सांगितलं. तो यावा असं त्यांना वाटत होतं आणि येऊ नये असंही. नवरा कोपऱ्यात वही घेऊन टिपणं काढायला बसला. जिन्यावर दोन माणसांची पावलं वाजली. एकाची हळू.

गुणीने वडिलांना आणलं होतं.

म्हातारा इस्त्रीचा सदरा घालून आला होता. ताईंकडे त्याने एकदाच पाहिलं आणि मग नजर गुडघ्यांवर ठेवली.

"ताई, मी भांडायला आलो नाही," गुणी म्हणाला. बोलायची तयारी करून आला होता, हे दिसत होतं. "तुम्ही रोज शेजारी बसलात. रोज म्हणालात, जवळजवळ झालंय. मग आज मी नालायक कसा? तुमचा तो निळा कागद काय सांगतो ते मला कळत नाही. बाबांचं तोंड काय सांगतं ते कळतं. माझी पहिली कवळी आहे ती. तेव्हा मला काहीच येत नव्हतं, तरी ती बसली. आता उलट मी बिघडेन होय? बाबा, सांगा ना यांना. झाली कधी तक्रार?"

बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि हातात धरला.

नवऱ्याने पेन थांबवून ताईंकडे पाहिलं. विषय बदलता आला असता. ते घरचं झालं, आपण इथल्या कामाचं बोलू या, असं म्हणता आलं असतं. वाक्य तयार होतं, सवयीने. पण त्यांनी ऐकायला बोलावलं होतं, आणि समोरच्याने प्रश्न विचारला होता. मामेबहिणीने बजावलं होतं ते आठवून नव्हे. त्या माणसाचं तोंड बघून त्यांना खोटं बोलवेना.

"ती कवळी मी दुरुस्त केली होती," ताई म्हणाल्या.

गुणी हसला. थट्टा समजून. "कधी?"

"तू दिल्यावर आठच दिवसांत. उजवीकडे टेकत नव्हती. त्यांच्या हिरडीला फोड आला होता. आणि तिच्यानंतरच्याही मी करत होते. तू दुपारी गेलास की. जवळजवळ सगळ्या."

"बाबा?"

म्हाताऱ्याने हातातला रुमाल मुठीत आवळला. "मीच घेऊन आलो होतो रे," तो म्हणाला. "मीच म्हटलं, पोराला सांगू नका."

बाहेरच्या खोलीतलं आक्कांचं यंत्र थांबलं. गुणी एकदा वडिलांकडे, एकदा ताईंकडे पाहत होता.

"का?"

"तुला वाईट वाटेल म्हणून," ताई म्हणाल्या.

"आणि आता काय वाटत असेल मला?"

उत्तराची वाट न बघता तो वडिलांकडे वळला, आवाज न चढवता. "तेव्हा मामा गॅरेजमध्ये ये म्हणत होता. आठवतंय? माझं लग्नही झालं नव्हतं. मी कुठेही गेलो असतो, काहीही शिकलो असतो. तुम्हीच म्हणालात, आता कशाला, तुझा हात बसलाय तिथे. हात बसलाय म्हणालात, बाबा."

म्हातारा रडायला लागला. गुणीने त्याच्या पाठीवर हात ठेवला खरा, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. मग दोघं उठले आणि जिना उतरून गेले. नवऱ्याने वही मिटली. तोच नवरा, जो उद्या सकाळी काढून टाक म्हणत होता, तो खिडकीपाशी जाऊन कितीतरी वेळ उभा राहिला.

ताईंनी त्या दिवशी निर्णय सांगितला नाही. दोन दिवस विचार केला. गुणीला आक्कांच्या हाताखाली प्लास्टरचं अर्ध्या दिवसाचं काम देऊ केलं. त्याने नको म्हटलं. त्यात त्याचं घर चालणार नव्हतं. मग त्यांनी नोकरी संपल्याचं पत्र दिलं, महिनाभर आधी, कारणासकट, एकही शब्द मऊ न करता. मामेबहिणीने फोनवर सगळं ऐकलं आणि म्हणाली, "चोख झालं. आता कुठल्याही कोर्टात उभी राहा, तुझ्यावर कुणी बोट ठेवणार नाही."

"त्याने ठेवलं," ताई म्हणाल्या.

तो महिनाभर रजा टाकेल, तोंड दाखवणार नाही, असं सगळ्यांना वाटलं होतं. नियमाने तसं करताही आलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी तो वेळेवर आला, कपाळाला रुमाल बांधून टेबलाशी बसला आणि दिवसभर मान वर न करता दात मांडत राहिला. दुपारची पिशवी आक्का घेऊन गेल्या. त्याच्याकडे बघायचा ताईंना धीर होत नव्हता. त्या उगाच पेट्या आवरत राहिल्या.

"ताई, बघता का?"

त्या येऊन बसल्या. निळा कागद धरला, पितळी जबडा मिटला, उघडला. डावीकडे डाग होते. उजवीकडे एकही नव्हता. ताईंच्या ओठांवर 'जवळजवळ' आलंच होतं. गुणी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होता.

"चुकलंय," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"उजवीकडच्या दाढा टेकतच नाहीत."

"खूप?"

"खूप."

त्याने मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्याने पुसलं नाही. दिवा पेटवून त्याने सुरी तापवली आणि उजवीकडची पहिली दाढ काढायला घेतली.

"असंच सांगा," तो म्हणाला. "जाईपर्यंत रोज सांगा."